भाच्याचं गाऱ्हाणं

परक्या माणसाचं आम्हाला भारी कौतुक. गोव्यातल्या आमच्या केरी गावात तर ते रक्तातच मुरलेलं आहे. पाहुणा गोरा असला, जमिनीवर मांडी घालून जेवला आणि त्याने सोलकढीची वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली, की आमची माणसं त्याच्या सात पिढ्यांची पापं माफ करायला तयार. हे मी पूर्वी चेष्टेने म्हणत असे. आता चेष्टा करवत नाही.

यजमान गेल्यापासून मी धाकट्या दिराच्या कुटुंबात राहते. पेडण्याच्या एका हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे घरात कुणी परदेशी आलं की मला हाक येते. दिराने घरामागे खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. रशियाने युक्रेनमध्ये फौज घुसवली त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथे एक रशियन आला, आणि तेव्हापासून दर मोसमात येतो. चाळिशीचा, उंच, एकटा, दारूचा थेंब न घेणारा. संगणकावर काम करतो. मला ‘टीचर’ म्हणतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं होतं, “मी या लढाईच्या विरुद्ध आहे. म्हणून तर देश सोडला.” मला बरं वाटलं. तिथे राहून तोंड उघडलं तर तुरुंग, हे मी वाचलेलं होतं. माणसाने निदान पाय काढून घेतला, म्हटलं, तेही कमी नाही.

जाऊबाईंना तर तो पोटच्या पोरासारखा झाला. पोदेर सकाळी पाव घेऊन आला की रशियनासाठी चार उंडे पाव वेगळे काढून ठेवायच्या. तोही गुणी, स्वतःची बशी स्वतः विसळायचा.

यंदाच्या मोसमातली गोष्ट. सकाळी आम्ही सोप्यावर चहा घेत होतो. त्याला बहिणीकडून फोटो आला होता आणि तो खुशीत होता. त्याने मोबाइल जाऊबाईंपुढे धरला. कपडे धुण्याचं नवंकोरं दिसणारं मशीन, आणि त्यावर हात ठेवून उभी असलेली एक जाडसर, हसरी बाई.

“माझी बहीण,” तो म्हणाला. “मुलाने पाठवलं. माझ्या भाच्याने. तो बाहेर आहे ना!”

मी ते कोकणीत सांगितलं. जाऊबाईंचा चेहरा उजळला. “कितलो गुणी गो! आमच्या बोटीवयल्या भुरग्यांसारको!”

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. आमच्याकडे घरटी कुणीतरी बोटीवर असतो. पोरगा बाहेर आहे म्हटलं की तो जहाजावर ताटं धूत असणार, आणि पहिली रजा मिळाली की आईसाठी खोक्यातून काहीतरी आणणार. मिक्सर, टीव्ही, मग मशीन. बाहेर असलेला पोरगा आणि खोकं ही आमच्या डोक्यात एकत्रच येतात.

पण मी शिक्षिका. खोड जात नाही. विचारलं, “कुठे असतो भाचा?”

त्याने युक्रेनमधल्या एका गावाचं नाव घेतलं. फौजेत. कुणी पकडून नेलं नव्हतं, स्वतः सही करून गेला होता.

“तिथे मशीनची दुकानं चालू आहेत?”

तो हसला. खरंच हसला, कुणी भाबडा प्रश्न विचारल्यावर हसावं तसा. “दुकानं कुठली, टीचर! घरं रिकामी आहेत. माणसं निघून गेली. आता ते कुणाचंच नाही.” आणि मग, बहिणीचा काटकसरी स्वभाव मला कळावा म्हणून, त्याने पुढचं सांगितलं. मशीन उघडलं तेव्हा आत कपडे होते. ओले, वास आलेले. लहान मुलाचे. मोजे, पायजमे. बहिणीने ते टाकले नाहीत. त्याच मशीनमध्ये पुन्हा धुतले, इस्त्री केली आणि शेजारणीच्या नातवाला दिले.

मी कप खाली ठेवला. मशीन लावून ती बाई कपडे वाळत घालायलासुद्धा थांबू शकली नाही, पोराला उचलून पळाली, आणि हा माणूस मला बहिणीच्या टापटिपीचं कौतुक सांगत होता.

“वैनी, कितें म्हणटा तो?” जाऊबाईंनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. जाऊबाई त्याच्या बशीत आणखी एक उंडा ठेवून म्हणाल्या, “कुसून वचचे परस बरें न्हय?” कुजून जाण्यापेक्षा बरं नाही का!

कुणाचंच नाही. आमच्या वाड्यावर बंद घरं थोडी नाहीत. माणसं मुंबईला गेली ती चतुर्थीला तोंड दाखवतात, काही तेवढंही नाही. त्यांच्या फणसांवर लोक हात मारतात, मी कुणाला साव म्हणत नाही. पण पाडणारासुद्धा ‘अमक्याच्या परसातला फणस’ असंच म्हणतो. चोरी करतानाही मालकाचं नाव घेतो. कुणाचंच नाही म्हणायला वेगळं काळीज लागतं.

मी त्याला म्हटलं, “तुम्ही लढाईच्या विरुद्ध आहात ना? मग बहिणीला सांगितलंत का, हे घरात ठेवू नकोस म्हणून?”

तो गोंधळला. दुखावलाही. “मी काय सांगणार? मी तर फक्त मामा आहे.”

या ‘फक्त’ची मला जुनी किळस आहे. माझं माहेर डिचोलीकडचं. गावावर खाण होती. पावसात खाणीचा लाल चिखल शेतात उतरायचा आणि शेत कायमचं नासायचं. विचारायला जावं तर ट्रकवाला म्हणे, मी फक्त ट्रक चालवतो. काट्यावरचा म्हणे, मी फक्त वजन करतो. तो ट्रकवाला माझा सख्खा काका होता, आणि जेवताना तोच म्हणायचा, यंदा भाताला चव नाही. असा सगळा गाव निष्पाप, आणि शेत आपलं आपण नासलेलं. देश कितीही दूरचा असो, भाषा कळली की तोच ट्रकवाला भेटतो.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागले. घरात ते कुणाला रुचलं नाही. दीर म्हणाले, “वैनी, तो हांगा कोणाक मारूंक येवंक ना. आमकां कितें पडलां तांचें?” ‘आपल्याला काय पडलंय त्यांचं’ हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं वापरलं जातं, कशातही.

मग भाच्याचा फोन यायचा बंद झाला. रशियन खाईना, झोपेना. बहीण तिकडून रडे, हा इकडून. मला त्याची दया आली नाही असं नाही. पोरगा कसाही असला तरी कुणाचा तरी पोरगा, आणि मामा मोबाइल हातातून खाली ठेवत नव्हता. भाचा मरावा असं माझ्या मनात कधीही आलं नाही. त्याने घरी यावं, मशीन उचलून परत न्यावं आणि त्या बाईच्या दारात उभं राहावं, असं मला वाटे. पण तसं मागणारं ना त्याच्या घरात कुणी होतं, ना आमच्या.

दिरांनी तोडगा काढला. देवाला गाऱ्हाणं घालायचं. रशियनाला ते फार पटलं, त्याने सोवळं नेसायचीही तयारी दाखवली. दुभाषी अर्थात मी. मी दिरांना बजावलं, “मी येते, पण जे आहे तेच सांगेन. देवासमोर ताकाला जाऊन भांडं लपवणार नाही.” ते हसले. वहिनीचा स्वभाव त्यांना ठाऊक आहे, पण वहिनी तो देवळातही सोबत आणील असं त्यांना वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी देवळात वाड्यावरची बरीच माणसं जमली. गोऱ्याचं गाऱ्हाणं म्हणून थोडी जास्तच. गावातर्फे गाऱ्हाणं घालणारा घाडी नारळ घेऊन उभा राहिला. तो एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकट्याचं मागणं सगळ्या गावाचं होतं ते त्या रुकाराने. म्हणून आधी घाडी विचारून घेतो, काय मागायचं आणि कशासाठी.

“भाचो खंय आसा? कित्याक गेला?” त्याने मला विचारलं.

भाचा कुठे आहे आणि कशाला गेला, हे मी रशियनाला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, “सांगा, कामासाठी लांब गेलाय.”

“ते मी नाही सांगणार,” मी त्याला म्हटलं, आणि घाडीकडे वळले. साऱ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात, त्यांच्याच भाषेत सांगितलं. ह्याचा भाचा बंदूक घेऊन दुसऱ्यांच्या मुलखात शिरला आहे. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून गेला. तिथलं एक घर टाकून बाईमाणूस पळालं, त्या घरातलं कपडे धुवायचं मशीन त्या भाच्याने आईला पाठवलं. आत पोराचे ओले मोजे होते. तो सुखरूप परत यावा असं ह्याचं मागणं आहे. मागायचं असेल तर हे सगळं सांगून मागा.

घाडीने दिरांकडे पाहिलं. जाऊबाईंनी पदर ओढून घेतला. एक म्हातारे खाकरले आणि म्हणाले, “आतां देवा मुखार उबो केलाच न्हय...” आता देवापुढे उभा केलाच आहे, तर मागून मोकळं व्हावं! बस, तेवढं पुरलं. सगळ्यांनी श्वास सोडला. घाडीने नारळ वर धरला आणि त्याच्या नेहमीच्या सुरात सुरू केलं:

“बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या पायांकडे इलां हा. तेचो भाचो पोट भरूक परमुलखात गेलो हा. तेची राखण कर, तेका सुखरूप घराक हाड. जाणता-अजाणता काय चूकभूल जाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दीर म्हणाले, जाऊबाई म्हणाल्या, मागे उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या. माझ्या हाताखाली शिकून गेलेले दोघे-तिघे होते, तेही म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आताच ऐकलं होतं त्यांनी, कानांनी, स्वतःच्या भाषेत.

नारळ फुटला. रशियन माझ्याकडे वळला. माझ्या आवाजावरून त्याला काहीतरी उमगलं असावं.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“सगळं. बंदूक, मशीन, मोजे.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “आणि ते काय म्हणाले?”

“होय म्हणाले.”

त्याचे डोळे भरून आले. तो वाकला आणि आमच्याच घरात शिकलेल्या पद्धतीने माझ्या पायांना हात लावायला आला. मी पाय मागे घेतले. मला किळस आली होती, आणि आता ती त्याच्या एकट्याची नव्हती.

“किती चांगली माणसं आहात तुम्ही,” तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.