चिलापीचं शेपूट

बाळाबाईला नदीची भीती वाटत नाही. शिरोळकडच्या कृष्णाकाठाला तिचा जन्म गेला. पुरात चारदा घर सोडलं, चारदा परत येऊन चिखल उपसला. नवरा केरबा जाळं टाकतो, ती चिलापी साफ करते आणि रस्त्याकडेला कढई मांडून तळून विकते. एखादं गिऱ्हाईक मासा उलटापालटा करून बघायला लागलं की म्हणते, "काट्याला भ्यालासा व्हय पावणं? मग शेंगा खावा की!"

ती स्वतः भ्याली ते गेल्या माघात, भर दुपारी.

केरबा छातीएवढ्या पाण्यात जाळं सोडवत होता. दोन्ही हात गुंतले की बारका मासा तो दातात धरतो. डोकं तोंडात, शेपूट बाहेर. त्याचा बापही तसाच धरायचा. बाळाबाईनं काठावरून हाक मारली, "अवो, किती घावलं?"

सवयीनं त्यानं उत्तराला तोंड उघडलं. अर्ध्या वितीची चिलापी फडफडली आणि आत गेली.

तो काठापर्यंत कसा आला ते तिला अजून आठवत नाही. डोळे बाहेर आलेले, ओठांतून नुसतं शेपूट हलणारं. श्वास शिट्टीसारखा बारीक.

शेजारच्या रानात वृषभ पाण्याची मोटर चालू करायला आला होता. तो धावला.

"बाळाक्का, वडा की भाईर!"

"हात लावू नगंस! उलटं वडलं की पाठीवरलं काटं उभं ऱ्हात्यात. नरडं फाटंल."

"मग आत ढकला."

"मारतोस काय त्यास्नी?"

तिनं पदराचं टोक शेपटाला गुंडाळलं आणि मूठ आवळली. ओढायचं नाही, सोडायचंही नाही. "गाडी काढ."

वृषभ हलणाऱ्या शेपटाकडं बघत मागं सरला. "अक्का, आमी जैन. मी जन्मात माशाला हात लावलेला न्हाय."

"तुला मासा कोण धर म्हणतंय? हँडल धर!"

मध्ये केरबा, मागं बाळाबाई. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर, तिची मूठ त्याच्या तोंडाशी. जयसिंगपूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली.

"हॉर्न मार!"

"मारतोय की! त्याच्या टेपात त्याला ऐकू येईना झालंय!"

खड्डा आला की मासा झटका देई आणि मूठ केसभर घसरे.

"अवो, गिळू नगा. नाकानं घ्या, नाकानं. मी न्हाय हाक मारणार परत. कवाच न्हाय."

श्वासाची शिट्टी थांबली. तिनं डावा हात त्याच्या छातीवर दाबला. शिट्टी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा बारीक.

"पाच मिनटं, अक्का."

"मगाशी बी पाचच म्हणालास!"

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमटा आत घालून मासा पकडला. "मावशी, सोडा आता."

"सोडला की आत जातोय."

"मी धरलाय."

मूठ उघडेना. नर्सनं एकेक बोट उलगडलं आणि तिला बाहेर आणलं. दार लागलं.

आतून काहीच ऐकू येईना. शिट्टीसुद्धा नाही.

"अक्का, पाणी..."

"गप!"

मग खोकल्याची उबळ आली. काहीतरी खणकन पडलं. आणि घोगरी, फाटकी, पण अख्खी एक शिवी दारातून बाहेर आली.

वृषभ हसला. "डॉक्टरला दिली वाटतं."

"कुणाला बी देऊ दे," बाळाबाई भिंतीला धरून खाली बसली. "अजून एक द्या म्हणावं."