खडकाबरोबर आलेले

परभणी जिल्ह्यात खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे आम्ही चौघंच. समुद्र कुणाच्याच गावाला नाही. मीठ पार्सलनं येतं, टाकीत ठेवायचा समुद्री खडकही पार्सलनं. त्या खडकात लपून कुणीतरी न बोलावता येतं आणि जाताना एक किस्सा ठेवून जातं. सांगायला बसलो की आधी हसू येतं, मग सोळंके सर आठवतात.

सर विज्ञानाचे निवृत्त मास्तर. टाकीत नवं काही दिसलं की ग्रुपवर फोटो टाकायचा आणि सरांचा निकाल येईस्तोवर हात लावायचा नाही, हा आमचा नियम.

पाथरीच्या फेरोजनं तो एकदाच मोडला. मोटार रिवाइंडिंगवाला, घाईचा माणूस. खडकात केसाळ किडा दिसला, यानं खडक बाहेर काढून वर उकळतं पाणी ओतलं आणि परत टाकीत ठेवला. मग फोटो टाकला, "सर, खतम!"

सरांचं उत्तर आलं, "लेका, तुझ्या टाकीतली नगरपालिका मारलीस."

माशांचं उरलंसुरलं खाणारं कुणी राहिलं नाही. पाणी नासलं, दोन मासे गेले. 

जिंतूरच्या बालाजीचं कृषी सेवा केंद्र. अळी म्हटलं की त्याचा हात फवारणीच्या बाटलीकडेच जातो. खडकात काहीतरी हललेलं दिसताच त्यानं ग्रुपवर विचारलं, "सर, किती एमएल टाकू?"

सरांनी थेट फोन लावला. "झाकण उघडू नको, मी यायलोय." एसटीनं जिंतूर गाठलं. खडकावर नळीत राहणाऱ्या किड्याचा पिसांसारखा इवलासा पंखा उघडत-मिटत होता.

"ह्याचं काय करायचं सर?"

"बघत बसायचं."

दोघं तासभर बघत बसले.

सर दवाखान्यात होते तेव्हाही निकाल यायचे. "गोगलगाय. ठेव." एके दिवशी सरांनीच फोटो टाकला. स्वतःच्या छातीचा स्कॅन, त्यात पांढरा डाग. खाली लिहिलं होतं, "हे मात्र ठेवण्यातलं न्हाई." आमच्यापैकी कुणीच उत्तर दिलं नाही. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

तेराव्यानंतर सरांच्या पत्नीनं, काकूंनी, बोलावलं. "मला हे खारं पानी करायला जमत न्हाई. घेऊन जा टाकी."

आम्ही तिघं बादल्या घेऊन गेलो. निम्मं पाणी काढलं, मोठा खडक उचलला. खालच्या वाळूत पन्नासेक केसाळ किडे वळवळले. काकू मागं सरकल्या. "हे काय?"

"काय करत न्हाईत काकू," फेरोज म्हणाला. "माशांचं उरलेलं खातात."

"ह्यांनी माशांना टाकलेलं?"

"हां. रोज."

काकूंनी काचेला हात लावला. मग म्हणाल्या, "पानी परत वता. आन् मीठ किती टाकायचं ते दाखवा मला."