आधी स्वप्न, मग कात्री

"थांबा रायरे, आधी हे उतरवू द्या. मग कात्री."

असं म्हणून अण्णा गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे मिटून रात्री पडलेलं स्वप्न सांगायला लागत. बाहेर गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यांना पर्वा नसे. डोक्यात स्वप्न ठेवून कापड कापलं की कात्री वाकडी जाते, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे. पण त्यांच्या हातचा शर्ट कुणी परत आणलेला मी पाहिला नाही, आणि माझी कथा कुणी परत पाठवली नाही असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

हो, मी लेखक आहे. तुमच्या लक्षात आलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. फारसं कुणाच्याच आलेलं नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्या सुमारास कडकोळच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी लागली आणि मी म्हैसूरला आलो. कारखान्याची बस सकाळी आठला अण्णांच्या दुकानासमोर यायची. बस चुकेल ही भीती मला जन्मापासून, त्यामुळे मी साडेसातलाच तिथं हजर. टपालानं येणारा दोन दिवसांचा शिळा मराठी पेपर वाचत उभा होतो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हाक मारली.

"मराठीच अल्वा तुम्ही? या की आत. सुम्ने उन्हात कशाला उभं राहायचं?"

'अल्वा' म्हणजे 'नाही का' आणि 'सुम्ने' म्हणजे 'उगीच', हे समजायला मला आठवडा लागला. 'रायरे' म्हणजे तिकडचं 'साहेब', हे मात्र मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आणि खूष झालो. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. धंदा शिंप्याचा, देव विठ्ठल, घरात बोलायचं मराठी. वाचायचं मात्र कानडी. मराठी अक्षर त्यांना ओळखू यायचं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण मी ती फार चांगली ध्यानात ठेवली होती.

"आधी स्वप्नं बायको ऐकायची," ते म्हणाले, "कॉफी गाळता गाळता. ती गेली. मग वर्षभर इठोबाला सांगितलं. देव ऐकतो, नाही असं नाही. पण 'मग?' म्हणत नाही."

मी पहिल्या स्वप्नाला तीनदा 'मग?' म्हणालो. त्या दिवसापासून माझ्यासाठी दुकानात एक स्टूल ठरून गेलं.

आणि काय स्वप्नं पडायची त्या माणसाला! एकदा बेट्टदपुरच्या डोंगराला अंगरखा शिवायची ऑर्डर आली. डोंगराचं माप घ्यायला टेप पुरेना, म्हणून पायऱ्या चढणाऱ्या एकेकानं आपला पंचा सोडून टेपेला गाठ मारून दिला. वर देवळापाशी पोचेपर्यंत सगळी यात्रा लंगोटीवर. एकदा हिनकलच्या रस्त्यावर गाई रांग लावून उभ्या, वासरांना झबली हवीत म्हणून, आणि त्यातली एक कुरकुर करतेय, "खांद्यात ओढतंय."

सगळ्यांत भारी हत्तीचं. दसऱ्याचा हत्ती दुपारी एकटाच दुकानाशी आला, मान खाली घालून. म्हणाला, "झूल घट्ट होतेय. जरा सैल करा. माहुताला कळू देऊ नका, लाज वाटते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? झूल उसवायला घेतली, तेवढ्यात जाग आली."

अण्णांच्या प्रत्येक स्वप्नाचा शेवट हाच. तेवढ्यात जाग आली. एकदा सांगितलं की विषय संपला, कारण त्यांच्या हिशेबी सांगितलेलं स्वप्न परत येत नाही. उतरलं म्हणजे उतरलं. टेप गळ्यात, चष्मा नाकावर, कात्री हातात.

मला स्वप्नं पडत नाहीत. लेखकानं हे कबूल करणं म्हणजे हलवायानं मला गोड चालत नाही म्हणण्यासारखं आहे, पण नाही पडत. "तुम्ही झोपता म्हणजे पोतं टाकलेलं असतं," असं आमची ही म्हणते. तोवरच्या माझ्या सगळ्या कथांमध्ये एक कारकून खिडकीबाहेर बघत असे. बाहेर काय दिसतं ते त्यालाही माहीत नसे आणि मलाही. संपादक त्या कारकुनाला न चुकता साभार परत पाठवत.

तर एका रविवारी मी हत्ती लिहून काढला. शेवट माझ्या पदरचा जोडला. हत्ती सैल झूल घालून मिरवणुकीत जातो आणि झूल ओघळून पडते, असा. कथा छापून आली! संपादकांनी कार्डावर लिहिलं, 'आपली कल्पनाशक्ती अद्भुत आहे.' मी ते कार्ड बायकोला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, अण्णांना सोडून सगळ्यांना दाखवलं. मग डोंगर लिहिला. मग गाई लिहिल्या. एकानं तर पत्र पाठवून विचारलं की गाय म्हणजे आजची स्त्री का? मी कळवलं, हो.

चोरी होती का? आता म्हणतो, होती. तेव्हा म्हणत होतो, त्यांनी तर टाकूनच दिलंय, मी उचललं. आणि त्यांना कुठं मराठी वाचता येतंय?

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग तिथल्या मराठी मंडळींनी गणपतीत माझं भाषण ठेवलं. विषय मीच सुचवला होता, 'माझी स्वप्नं आणि माझं लेखन'. माझी! मी नवा सदरा घालून गेलो. तो सदराही अण्णांनीच शिवलेला. 'मला डोळा लागताच दृश्यं दिसू लागतात,' अशी सुरुवात करून मी रंगात आलो आणि हत्तीपाशी पोचलो. "तो मान खाली घालून म्हणतो, माहुताला कळू देऊ नका..." आणि समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत अण्णा.

काळी टोपी, गळ्यात टेप. मंडपाची झालर त्यांनी शिवली होती, ती लावायला आले आणि भाषण आहे म्हणून बसले. त्यांना वाचता येत नाही याचाच मी तीन वर्षं विचार केला होता. माणसाला कान असतात हे माझ्या अद्भुत कल्पनाशक्तीला सुचलं नव्हतं.

 भाषण कसंबसं आवरतं घेतलं, तर अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? अण्णा उभे राहिले. आता हे सगळ्यांसमोर माझं धोतर फेडणार, असं वाटून मी टेबल घट्ट धरलं.

"रायरे," अण्णा म्हणाले, "हत्तीचं पुढं काय झालं ओ?"

सभा हसली. लोकांना वाटलं, म्हातारा गोष्टीत गुंतला. पण मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तीन वर्षं हत्ती त्यांच्या दारात झूल घेऊन उभा होता आणि पुढचं फक्त मला ठाऊक होतं. मी पुटपुटलो, "झूल पडते." अण्णांनी मान हलवली आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी अलीकडच्या थांब्यावरून बस धरली. तिसऱ्या दिवशीही. बस दुकानासमोरून जाताना पेपर तोंडापुढे धरायचा. लाज वाटत होतीच, पण खरं सांगतो, त्याहून मोठी भीती वेगळी होती. अण्णांची स्वप्नं गेली म्हणजे माझा कारकून पुन्हा खिडकीत येऊन बसणार. एका माणसाला दुखावलं याचं दुःख माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर होतं.

पाचव्या दिवशी अलीकडच्या थांब्यावर अण्णा उभे. हातात एक कापलेली बाही.

"अय्यो रायरे, चार दिवस स्वप्नं डोक्यात साठलीत. ही बघा बाही. दोन्ही डाव्या कापल्या! लग्नाची ऑर्डर आहे ओ."

"अण्णा, माझं चुकलं. मी तुमचं..."

"ते असू द्या. झोप माझी, पुढचं तुमचं. पण झूल पडते हे काय लिहिलंत? मी उसवलेली झूल पडंल होय? टाका घालूनच देणार की मी! सगळ्या गावासमोर हत्तीची लाज काढलीत."

त्यांना राग आला होता तो याचा. आपलं स्वप्न चोरीला गेलं याचा नव्हे. हत्तीचा विश्वासघात झाला याचा.

तेव्हापासून नियम झाला. स्वप्न त्यांनी सांगायचं आणि पुढचं मी, तिथल्या तिथं, बस यायच्या आत. पटलं तर अण्णा कात्री उचलत. नाही पटलं तर एकच शब्द, "उसवा." अनेक संपादक पाहिले, पण इतकी शिस्त कुणी लावली नाही. 'गाय म्हणजे आजची स्त्री' हे ऐकवलं, तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "गाय म्हणजे गायच ओ. वासराला झबलं ओढत होतं. उसवा."

एके दिवशी मी सहज विचारलं, "अण्णा, वहिनी कधी येत नाहीत स्वप्नात?"

ते खडूनं रेघ मारत होते. "येती की."

"मग कधी सांगितलं नाहीत ते?"

"सांगितलं की परत येत नाही, अल्वा?" म्हणाले आणि रेघ पुरी केली.

इथं माझा गळा दाटून आला, मी खिडकीबाहेर पाहिलं, असं लिहायला हवं. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला, काय कथा होईल!

आणि मी ती मागितलीही. दिवाळी अंकाची मुदत आली होती, हाताशी काही नव्हतं. "एकदाच सांगा अण्णा. एकदा सांगून काय होतंय?" त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग टेप काढून मशीनवर ठेवली. चष्मा कपाळावर चढवला. डोळे मिटले. मला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं हो, त्यांचं ऐकणारा मी एकटाच होतो. "ती कशी येती म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी पेनचं टोपण काढलं.

मी त्यांना थांबवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण बसचा हॉर्न वाजला. मी बस चुकवू शकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या भित्रेपणानं आयुष्यात केलेलं हे एकमेव चांगलं काम.

दिवसभर स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजताना आकडा चुकत होता. अर्धं वाक्य सांगून झालं होतं. तेवढ्यानं उतरलं असेल तर? रात्री पोतंसुद्धा झोपलं नाही. सकाळी सातलाच जाऊन उभा राहिलो. अण्णा कुलूप काढत होते.

"वहिनी... आल्या होत्या?"

"आली," ते म्हणाले. माझा चेहरा बघून पुन्हा म्हणाले, "आली की ओ." त्या दिवशी मी स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडलो आणि त्यांनी मला कॉफी पाजली.

पुढे बरीच वर्षं तसंच चाललं. मी महिन्याच्या रजेवर गावी निघालो, त्या सकाळी ते जरा थकल्यासारखे वाटले. म्हणाले, "काल ती फार वेळ बसली." बस यायला चांगली वीस मिनिटं होती. मी 'मग?' म्हणालो नाही.

परत आलो तर दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या फुलवालीनं सांगितलं, झोपेतच गेले. त्यांची मुलगी नंजनगुडहून येऊन सामान घेऊन गेली होती. माझ्यासाठी शिवून ठेवलेला एक शर्ट तेवढा फुलवालीपाशी दिला होता. घातला. खांद्यात कुठं ओढत नव्हता.

मी लिहीनासा झालो. वर्ष गेलं. आणि मग एका सकाळी जागा झालो तो हसतच. समोर ही कॉफीचा पेला घेऊन उभी. "काय झालं? झोपेत बोलत होतात. कुणाशी?"

साठीला आलेल्या लेखकाला पहिलं स्वप्न पडलं होतं. त्यात कोण होतं हे तुम्ही ओळखलं असेलच. काय म्हणालं, दुकानात आणखी कोण बसलं होतं, ते सगळं लख्ख आठवत होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

संपादकांचं कार्ड आलंय, 'बऱ्याच दिवसांत आपलं काही नाही.' त्यांना हे पाठवतो आहे. अण्णांबद्दल जे होतं ते सगळं यात उतरवलं, माझ्या लबाडीसकट. ते स्वप्न तेवढं घातलेलं नाही. संपादक रागावले तर रागावोत.

आजवर चार वेळा आलंय.