तिसरा शेरा

माझ्या भाचीला घरात सगळे ठकी म्हणतात. आता तिचे केस पांढरे होऊ लागले आहेत, तरी ठकीच. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. यंत्रावर काच फिरत असते, पाण्याची बारीक धार चालू असते आणि ठकी वाकून कडा तपासत असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा बोटांची टोके पाण्याने सुरकुतलेली असतात आणि डोळे लाल. इतरांना नीट दिसावे म्हणून हिचे डोळे जातात, असे मी एकदा म्हटले. ती म्हणाली, "मावशी, ही तू शाळेत पाठ केलेली वाक्यं असतात ना?"

माझे यजमान गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले. तिचा संसार त्याआधीच मोडला होता. दोघींना दोन खोल्या पुरतात. स्वयंपाकघरातले टेबल जेवणापुरते माझे असते. ताटे उचलली की तिचा कॉम्प्युटर तिथे येतो आणि तिची दुसरी नोकरी सुरू होते, बिनपगारी. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, फोनवर नेहमी विचारते, "भाजतेय का अजून लष्कराच्या भाकऱ्या?" मी म्हणते, "भाजतेय." मग आम्ही दुसरे बोलतो.

ही नोकरी अशी. जुने, लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर पुन्हा चालते करणारी एक फुकट प्रणाली आहे. ती वापरणारे जगभरचे लोक इंटरनेटवर एका फोरममध्ये एकमेकांना प्रश्न विचारतात. कोणी उत्तर देतो, कोणी उत्तर देता देता भांडतो. ही भांडणे सोडवण्याचे काम ठकीकडे आणि आणखी दोघांकडे आहे. हे काम करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. मी पंच म्हणते. शिवीगाळ, अपमान, खोटेपणा यांबद्दल तक्रार आली आणि ती खरी ठरली, की त्या माणसाच्या नावापुढे एक शेरा पडतो आणि त्याचे ते लिखाण झाकले जाते. तिसरा शेरा पडला की तो माणूस वर्षभर बाहेर. बाहेर गेलेल्याला फक्त अपील करता येते आणि अपिलाला पंचांनी तीन दिवसांच्या आत उत्तर द्यायचे असते.

यात माझा काय संबंध? तर मी वाचते. तक्रार आली की ठकी नावे काढून तिथे 'अ' आणि 'ब' घालते, अक्षरे मोठी करते आणि कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर जेवणाच्या वेळी आम्हाला आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावत. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही, अश्रू नाहीत, हसू नाही. "अर्थ शब्दांत असेल तर तो आपोआप बाहेर येईल, तू ढकलू नकोस," असे त्या म्हणत. ठकीला नेमके तेच हवे असते. ती म्हणते, आपण मनात वाचतो तेव्हा आवडत्या माणसाला गोड आवाज देतो आणि नावडत्याला खेकसायला लावतो. मावशीच्या तोंडून सगळे सारखेच येतात, रेल्वेच्या घोषणेसारखे. मी हे कौतुक समजून घेतले.

आता आजोबांबद्दल. फोरमवर त्यांचे नावच आजोबा आहे. ते कुठे राहतात, खरोखर कोणाचे आजोबा आहेत की नाहीत, काही ठाऊक नाही. ठकीचा संसार मोडला तेव्हा तिच्याकडे नवऱ्याने टाकून दिलेला एक बंद कॉम्प्युटर आणि भरपूर रिकाम्या संध्याकाळी होत्या. आजोबांनी तिला तो चालू करायला शिकवले, रोज थोडे थोडे, शिव्या घालत. "तुला काच घासता येते ना? मग धीर आहे. डोकं नंतर येईल," असे पहिल्याच आठवड्यात लिहिले होते. ती अजूनही ते वाक्य सांगताना हसते. तिथल्या अर्ध्या प्रश्नांची बरोबर उत्तरे आजोबाच देत. अर्ध्या तक्रारीही त्यांच्याबद्दलच येत. त्यांच्या नावापुढे दोन शेरे होते. दोन्ही ठकीने, मन घट्ट करून, दिले होते.

"तिसरा झाला तर?" मी विचारले होते.

"तर ते बाहेर. मग मला शंका आली की कोणाला विचारू?" ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "आणि नाही दिला तर सगळे म्हणतील, गुरूला सोडलं."

त्या रविवारी दुपारी तक्रार आली. ठकीने नेहमीप्रमाणे नावे झाकली आणि मी वाचायला लागले. एक नवी बाई फोरमवर आली होती. तिचा नवरा गेला होता, त्याचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता आणि त्याने काढलेले सगळे फोटो त्यात होते. तिने तोच प्रश्न तीनदा विचारला होता. 'अ'ने उत्तर दिले होते: "तीनदा विचारण्याऐवजी एकदा वाचलं असतं तर आतापर्यंत फोटो हातात असते. वाचता येत नसेल तर यंत्र भंगारात घाला आणि स्वेटर विणत बसा. आता खाली लिहितो तसं करा, स्वतःची अक्कल मध्ये घालू नका." त्याखाली पायऱ्या होत्या, अशा स्वच्छ की मलाही पटापट समजल्या.

'अ' कोण ते मला दुसऱ्या वाक्याला कळले. ठकीला अर्थातच माझ्याआधी. दोघींनीही न कळल्यासारखे केले.

मग 'ब'. हा तक्रार करणारा. त्याने त्या बाईला लिहिले होते: "ताई, तुमच्या वयात एवढं धाडस केलंत हेच कौतुक. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका, काही गोष्टी प्रत्येकासाठी नसतात. उद्धट माणसांकडे दुर्लक्ष करा." बास. उत्तर कुठेच नाही. या गृहस्थाला मी मनात गोडबोल्या म्हणते. याआधीही त्याचे लिखाण मी वाचले होते आणि दर वेळी मला पायाखाली साबण आल्यासारखे वाटले होते.

ठकी डोळे मिटून ऐकत होती. "परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचले. शब्दांतला अर्थ दोन्ही वेळा तोच बाहेर आला. एकाने बाईला मूर्ख म्हणून रस्ता दाखवला होता. दुसऱ्याने शाबासकी देऊन दाराबाहेर नेऊन सोडले होते.

"मी स्वेटर विणते," मी म्हटले. "मला काही अपमान वाटला नाही."

"मावशी, तू पंच नाहीस."

"नाही. मी रेल्वेची घोषणा आहे."

ती हसली नाही. उठून पाणी प्यायली, परत बसली. तिने दोघांनाही शेरा दिला, गोडबोल्याला पहिला आणि आजोबांना तिसरा. कारणे लिहिली, बटण दाबले. दोन्ही लिखाणे झाकली गेली. आजोबा वर्षभरासाठी बाहेर.

मग जे व्हायचे ते झाले. गोडबोल्या म्हणाला, सभ्य माणसाला आणि शिवराळ माणसाला एकाच मापात तोलणारा हा कसला न्याय? आजोबांचे भक्त म्हणाले, ज्याने चालायला शिकवले त्यालाच हिने लाथ मारली. ठकी प्रत्येकाला तेच एक वाक्य लिहीत होती की निर्णयावर हरकत असेल तर अपील करा. मी चहा केला. तो निवला. दुसरा केला.

तेवढ्यात ती एकदम सरळ बसली. "मावशी, ती बाई!"

ती नवी बाई आजोबांनी सांगितलेल्या पायऱ्या एकेक करत होती. त्या दुपारीच, यंत्रासमोर बसून, फोनवर उत्तर उघडे ठेवून. चौथ्या पायरीवर असताना उत्तर तिच्या हातातून नाहीसे झाले होते. तिने लिहिले होते: "इथे आत्ता उत्तर होतं, ते कुठे गेलं? माझ्या पडद्यावर विचारतंय, जुनं सगळं पुसायचं का, हो किंवा नाही. मी काय दाबू?" आणि त्याखाली कोणा उत्साही सभासदाने लिहून ठेवले होते, "साधारणपणे हो दाबतात."

ठकीने ताबडतोब लिहिले, "काहीही दाबू नका. थांबा. मी इथे आहे." मग कपाळावर हात ठेवून बसली. अपमान झाकताना तिने उत्तरही झाकले होते. वर्षानुवर्षे पंच असेच करत आले होते. झाकलेल्या लिखाणावर कोणाचे तरी घर अर्धे उभे असेल, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

"अगं, मग ते स्वेटरचं वाक्य काप आणि बाकीचं परत लाव की," मी म्हटले.

"दुसऱ्याच्या लिहिण्याला कात्री लावायची नाही. आज मी चांगल्यासाठी कापेन, उद्या दुसरा कोणी वाईटासाठी कापेल आणि वर त्याचंच नाव ठेवेल. दाखवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही."

"मग उत्तर तू दे."

"'नाही' दाबा एवढं सांगते. पुढच्या पायऱ्या त्या यंत्राच्या आहेत, मी ते यंत्र उघडलेलं नाही. चुकलं तर फोटो गेले." ती बाईला 'नाही दाबा, आणि पुढे काही करू नका' असे लिहीत लिहीत बोलत होती. "कापायचं तर ज्याचं आहे त्यानेच कापायला हवं."

"पण त्यांना तर तू आत्ताच हाकललंस."

"हो ना."

तिने आजोबांना लिहिले. काय लिहिले ते मला वाचायला दिले नाही. पण फार वेळ लागला नाही. अपिलाच्या खिडकीत उत्तर आले आणि या वेळी तिने पडदा माझ्याकडे वळवला. मी वाचले, सिस्टरांच्या आवाजात: "वरची तीन वाक्यं काढतो. पायऱ्या जशाच्या तशा लाव. सहाव्या पायरीत मी चूक केली आहे, आधी फोटो बाहेर काढायचे, मग बाकीचं. ती सुधारून देतो. शिक्षा कमी करू नकोस, नाहीतर तो गोड बोलणारा म्हणेल सौदा झाला."

माझा आवाज शेवटच्या वाक्यावर थोडा हलला असावा, कारण ठकीने माझ्याकडे पाहिले.

पायऱ्या परत लागल्या, आजोबांच्याच नावाने, सुधारलेल्या. अंधार पडायच्या आत त्या बाईचे फोटो निघाले. त्यातला एक तिने फोरमवर लावला. छत्री उघडता न येणारी एक बाई आणि तिच्यामागे हसणारे कोणीतरी, फोटो काढणाऱ्याचा अंगठा अर्धा भिंगावर. तिने खाली लिहिले होते, "ते रागावलेले गृहस्थ कुठे आहेत? मला त्यांचे आभार मानायचे आहेत. बोलायला अगदी आमच्या ह्यांच्यासारखे."

ठकीने उत्तर टाइप केले, पुसले, परत टाइप केले. शेवटी एवढेच राहिले: "नियमानुसार ते सध्या इथे लिहू शकत नाहीत."

"आभार कळवते, असं तरी लिही," मी म्हटले.

"निरोप्या झाले तर पंच कशी राहीन?" ती म्हणाली आणि ताटे घ्यायला उठली.

नियम मात्र बदलला. आता अपमान असला तरी पंच आधी पाहतात की त्या उत्तरावर कोणी चालते आहे का, आणि लिहिणाऱ्याला स्वतःच कापायची संधी देतात. हे पंचांमध्ये मंजूर करून घ्यायला ठकीला तीन लांबलचक बैठका कराव्या लागल्या. कोणी आभार मानले नाहीत. गोडबोल्याने मात्र स्वागत केले आणि ही मुळात आपलीच सूचना होती असे नम्रपणे नमूद केले.

फोरमवर आता प्रश्न साचतात. आजोबा एका ओळीत देत ते उत्तर ठकी पुस्तके पाहून, दोनदा तपासून, तासाभरात देते आणि त्यात कोणाला मूर्ख म्हणत नाही. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला. काच तिने स्वतःच घासली.

आणि अपिले येतात. आजोबांची, दर दोन-चार दिवसांनी. त्यात अपील नसते. कोणीतरी फोरमवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते, पायऱ्यांसकट, बरोबर. मी वाचून दाखवते. ठकी ऐकते, मान हलवते आणि लिहिते: "अपील फेटाळले. कारण: हे अपील नाही." ती ते उत्तर वापरत नाही. स्वतः शोधते, सापडेपर्यंत. कधी कधी ते सापडायला फार उशीर होतो आणि मग विचारणारा निघून गेलेला असतो.

"हा शुद्ध वेडेपणा आहे," मी एकदा न राहवून म्हटले. "उत्तर समोर ठेवलंय."

"बाहेर म्हणजे बाहेर, मावशी. खिडकीतून आत घेतलं तर दार कशाला?"

परवा दुकानात गिऱ्हाईक खूप होते. ती आली तशी टेबलाशी बसली, पिशवीही उतरवली नाही. अपील आले होते. मी चष्मा लावला आणि वाचले: "आज उत्तर नाही. तुझ्या लिहिण्यावरून वाटतं डोळे दमलेत. दिवा डावीकडे ठेव."

खोलीत दिवा उजवीकडे होता. मी तो उचलून डावीकडे ठेवला.

"फेटाळू का?" मी विचारले. एव्हाना ते बटण मलाही माहीत झाले आहे.

ठकीने हात पुढे केला, तो बराच वेळ तसाच राहिला. मग तिने कॉम्प्युटरचे झाकण मिटले आणि त्यावर डोके टेकले.

"मुदत आहे अजून," ती म्हणाली. "तीन दिवस."