पूर्ण खुर्ची

“पाठ टेकव! अय्यो, टेकव म्हणते ना! खुर्ची चावते का तुला? नीट कूत्को! बसायचं म्हणजे बसायचं, कडेला लोंबकळायचं नाही!”

सकाळी सकाळी हा आवाज फुटला की कुवेंपुनगरातली आमची सगळी गल्ली आपापल्या घरात, कुणी न सांगता, पाठ टेकून बसते. स्कूटरवरची माणसंसुद्धा ताठ होतात. आवाज माझ्या आत्याचा. वडिलांची चुलत बहीण; उंची कुकरएवढी आणि शिट्टीही तशीच. माझं ठाम मत आहे की या बाईने एकदा मनावर घेतलं तर दसऱ्याचा हत्तीसुद्धा अंबारी उतरवून ठेवील, खुर्चीत मागे रेलेल आणि कॉफी मागेल.

आत्याला जगात एकच गोष्ट दिसते: माणूस खुर्चीत कसा बसतो. जात, गोत्र, डिग्री, हुद्दा, कशाशीच तिला कर्तव्य नाही. बँकेत जावो की दवाखान्यात, ती आधी खुर्च्या बघते, मग माणसं. “तो बघ, पूर्ण खुर्ची,” ती मला कोपराने ढोसते. “बापाचा बंगला असणार. आणि ती बघ, अर्धी खुर्ची. ऊठ म्हणायच्या आधीच उठायला तयार.” तिचं म्हणणं असं की खात्यापित्या घरचं पोर पाळण्यातून थेट पूर्ण खुर्चीत पडतं. बाकीची पोरं अर्ध्यावर टेकतात. मग उरलेल्या अर्ध्यावर दुसरंच कुणी येऊन बसतं आणि हळूच ढकलतं. एका लग्नात पुढचे मखमली सोफे बड्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले होते. आत्याने मांडवामागून भांडी घासणाऱ्या चौघी बायकांना हात धरून आणलं, सोफ्यावर पसरवलं आणि यजमानांना ठणकावलं, “नवरीच्या आजीच्या माहेरच्या आहेत.” यजमानांनी चौघींना अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि जाताना वाकून नमस्कारही केला.

या सगळ्या शास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे आत्याच्या पुढच्या खोलीतली शिसवी खुर्ची. अशी अवजड, की तिच्यापुढे भिंती तात्पुरत्या वाटतात. ती आली एका मोठ्या बंगल्यातून. त्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या मालकीणबाई दिवसभर या खुर्चीत बसत, आणि आत्या लग्नाआधीपासून केस पिकेपर्यंत त्यांच्यामागे उभी असे. चष्मा दे, औषध दे, पाय चेप. बाई गेल्या, बंगला विकला. मुलं म्हणाली, आठवण म्हणून हवं ते ने. सगळ्यांना वाटलं, रेशमी साडी मागेल. आत्याने खुर्चीकडे बोट केलं आणि ती सिटी बसमध्ये चढवली. कंडक्टर खवळला, “एनम्मा, हे काय! उतरव ते!”

“का? बाकीचे तुझी जागा अडवतात. हिने स्वतःची आणलीय!”

कंडक्टरने खुर्चीचंही तिकीट फाडलं. देवराज मोहल्ल्यापासून एक दमलेली भाजीवाली त्या खुर्चीत राणीसारखी बसून आली. आत्या मागे, खुर्चीची पाठ धरून, उभी.

तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक पोर त्या खुर्चीत बसून तयार झालं. पण आत्याचा खरा कस पाहिला तो मंजुळाने. ही आमच्या इस्त्रीवाल्याची मुलगी. माणूस आमच्याच, पिढ्यांमागे इकडे आलेल्या मराठी शिपाईगड्यांच्या वंशातला. पूर्वजांनी तलवारी परजल्या, याच्या हाती कोळशाची इस्त्री. मंजुळा इंजिनियर झाली, तीही अशी की प्रोफेसर तिला शंका विचारायचे. आणि प्रत्येक इंटरव्ह्यूत पडायची. माझा मुलगा, ज्याच्या बुद्धीबद्दल घरात अजून एकमत नाही, तो पहिल्या झटक्यात लागला. का? तर लहानपणापासून माझे साहेबमित्र घरी यायचे, आणि हा त्यांच्या मांडीला मांडी लावून क्रिकेटवर वाद घालायचा. मंजुळा त्याच साहेबांचे कपडे दारात देऊन, चार पावलं मागे सरून उभी राहायची. खोलीत कुणीही शिरलं, अगदी मांजर, की ती उठायची. इंटरव्ह्यूतही प्रश्न आला की आधी उठायची. उत्तर घशात राहायचं.

यंदा सोसले गावचं एक स्थळ आलं होतं. बापाने सांगितलं, हा शेवटचा इंटरव्ह्यू. नाही जमलं तर लग्न, आणि तिकडे इस्त्रीचं दुकान आहेच.

मग आत्या कंबर कसून उभी राहिली. मंजुळा खुर्चीत, आणि मी साहेब. मी दारातून आत यायचं, तिने उठायचं नाही. मी आलो, ती उठली. पुन्हा आलो, पुन्हा उठली. मी एवढ्यांदा आत-बाहेर केलं की उंबरा झिजला. शेवटी आत्याने पंचा आणला आणि पोरीला खुर्चीला बांधलं. पुढच्या खेपेला मंजुळा उठली, ती खुर्चीसकट. पण हळूहळू जमत गेलं. आदल्या दिवशी आत्याने अखेरचा मंत्र दिला, “आत गेलीस की सगळ्यात मोठी खुर्ची बघ. ती तुझी.”

आता हे बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीबाहेर झाडाखाली थांबलो. मंजुळा बाहेर आली ती पांढरीफटक. “आत्या, खोलीत कुणीच नव्हतं. मी मोठी खुर्ची बघितली नि बसले. मग तिघं आले. मी उठले नाही. मी... मी त्यांना बसा म्हटलं.”

“मग?”

“बसले. मग कळलं, ती मोठ्या साहेबांचीच खुर्ची. ते बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.”

“पूर्ण की अर्धी?” आत्याने विचारलं.

“अर्धी.”

“मग लागलीस तू,” आत्या म्हणाली. मला मात्र सोसल्याचा मांडव दिसू लागला होता. प्रत्यक्षात मोठे साहेब अर्ध्या खुर्चीवर अवघडून प्रश्न विचारत राहिले आणि मंजुळा पाठ टेकून फडाफड उत्तरं देत राहिली. आठवड्यात नोकरीचा निरोप आला. मी अवाक झालो, आणि माझ्यासारखा माणूस अवाक होणं म्हणजे चामुंडीचा डोंगर जरा बाजूला सरकण्यासारखं आहे.

त्या संध्याकाळी मंजुळा मल्लिगेचा गजरा घेऊन पाया पडायला आली. म्हणाली, “आज तुम्ही बसायचं खुर्चीत. बसल्याशिवाय नमस्कार नाही.” आत्या म्हणाली, बिडू गं, राहू दे, कशाला. पण पोरगी ऐकेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात त्या खुर्चीत मी बसलोय, पोस्टमन बसलाय, गल्लीतलं कुत्रंसुद्धा बसलंय. आत्याला मात्र मी तिच्यात कधीच पाहिलेलं नाही.

ती बसली. अगदी कडेला. हात मांडीवर, पाय जमिनीवर घट्ट.

“पाठ टेकवा!” मंजुळा तिच्याच आवाजात ओरडली. “खुर्ची चावते का?”

आत्या हसली, कणभर मागे सरकली. तेवढ्यात मंजुळाचा बाप इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात आला, आणि आत्या ताडकन उठून खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मंजुळाने गजरा तसाच हातात धरून हळूच विचारलं, “आत्या, उठलात कशाला?”

आत्याने पदराने खुर्चीची पाठ पुसली.

“सवय,” ती म्हणाली.