सुनेच्या हातचं

गवळी म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत धार काढायचा, तरी आमच्या शेजारच्या मावशी विचारायच्या, "हिला पाणी किती पाजून आणलंस?"

मावशींचा विश्वास कुणावरच नसे. सोनारावर नाही, देवळातल्या पुजाऱ्यावर नाही आणि मुरगूडहून आलेल्या सुनेवर तर मुळीच नाही. जेवायला बसल्या की पहिला घास तिलाच खायला लावत. मी हसले की म्हणत, "तुमी शिकल्याली माणसं. तुमाला न्हाय कळायचं."

अपवाद फक्त डॉक्टरांचा. तोंडावर सांगून सुई टोचणारा माणूस लबाडी करणार नाही, असं त्यांचं मत होतं.

एकदा त्यांचा ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. तेव्हा त्या गोळ्यांचा फार बोलबाला होता. ताप उतरला, पण अंगभर लाल चट्टे उठले, ओठ फुटले, मग फोड आले. मावशींनी निदान करून टाकलं. "हिनं जेवणातनं ईख घातलंय. गोळी त्ये भाईर काढतीया."

सून विष घालते, हे आमच्या गल्लीला लगेच पटलं.

डॉक्टरांनी मावशींचं तोंड उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे गोळ्यांनीच झालंय. आजपासून बंद." सुनेनं उरलेली पुडी त्यांच्यासमोर गटारात टाकली. मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बघितलंसा? त्येलाबी फितवलं की हिनं."

गोळ्या बंद झाल्या, तरी कातडी सुटतच गेली. मग तर गल्लीची खात्रीच पटली. सुनेचा नवरा तिच्याशी बोलेना. लेकीला घेऊन जा, असा निरोप मुरगूडला गेला. ती मात्र केळीच्या पानांना लोणी लावून त्यावर सासूला निजवायची.

"पानाला काय लावलंयस?"

"लोणी हाय, आत्याबाई."

"आदी तुज्या हाताला लाव."

ती लावायची. मला तिची फार दया यायची.

मावशी गेल्या. त्यांना अंघोळीला बाहेर घेताना आम्ही उशाची वाकळ उचलली, तर घडीतून चिंधीत बांधलेल्या गोळ्या खाली पडल्या. त्याच गोळ्या. सुनेचा हात लागू नये म्हणून पुडी टाकायच्या आधीच मावशींनी त्या काढून ठेवल्या होत्या आणि चोरून घेत होत्या. सुटली पोर, असं मला वाटलं. मी गोळ्या तळहातावर घेऊन सगळ्या बायकांना दाखवल्या.

मागून एकजण म्हणाली, "हिनंच ठेवल्या असतील."

 सुनेनं वरही पाहिलं नाही. कोमट पाण्याचा तांब्या हातात धरून, मावशींच्या अंगावर कुठं कातडी शाबूत आहे ते ती शोधत होती.