साखळीने मारलेला देव्हारा

मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी एका कोऱ्या देव्हाऱ्याला साखळीने मारत होतो. माझ्याच हाताने केलेला, सागवानी, चार खांबांचा... आणि मीच त्याला घाव घालत होतो.

त्याचं असं झालं, पुण्यातल्या बंगलेवाल्यांना हल्ली जुन्या लाकडी सामानाची हौस आली आहे. तिथले एक शेठ माझ्याकडून नव्या खुर्च्या, पेट्या करून घेतात आणि त्या जुन्या दिसतील अशा रंगवून मागतात. भोरच्या बाजारात लोखंडी नांगर आणि पत्र्याच्या खुर्च्या आल्यापासून भाटघरच्या सुताराला दुसरं काम तरी किती उरलंय...

काम कसबाचं आहे. हिरडा उकळून त्याचं पाणी लाकडाला पाजायचं. ते वाळलं की आंबट ताकात गंजके खिळे भिजवून केलेलं पाणी वरून फिरवायचं... लाकूड डोळ्यांदेखत काळं पडतं. पेटीला आधी लाल, वर हिरवा रंग द्यायचा आणि कोपऱ्यांवर पॉलिश पेपरने घासून खालचा लाल जरा दिसू द्यायचा. जिथे माणसाचा हात लागतो, तिथलाच रंग उडवायचा.

शेठ ते खरंच जुनं म्हणून विकतात, हे मला कळत होतं. पण खुर्ची म्हातारी दिसली म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं मी मनाशी म्हणायचो.

या वेळी त्यांनी देव्हारा मागितला. तीन पिढ्या पूजा झाल्यासारखा दिसला पाहिजे म्हणाले. जमला तर वर्षभराचं काम पक्कं... नाहीतर ते दुसरा कारागीर बघणार होते.

साखळीचे घाव झाले, टोच्याने किडीची भोकं झाली. मग खांबांच्या नक्षीत तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटाने भरलं. छताला काजळी हवी म्हणून आत दिवा लावला. पुढे देव नसताना दिवा लावायची माझी ती पहिलीच वेळ... सवयीने हात जुळायला लागले, ते मी खाली घेतले.

दुपारी थोरल्या वहिनी खुरप्याला मूठ बसवून घ्यायला आल्या. त्यांची नजर देव्हाऱ्यावर गेली. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या भुशात गुडघे टेकून नमस्कार केला.

उठल्यावर बराच वेळ त्या कुंकवाच्या डागांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, कुणाचं घर मोडलं वो? दिवा लावाया मागं कुणी ऱ्हायलं न्हाई, तवाच देव्हारा इकाया काढत्यात."

मी रंध्याची धार बघत असल्यासारखं केलं. "पुण्याला जायचाय," एवढंच बोललो.

वहिनींचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव सोडताना वडिलांनी देव टोपलीत घालून डोक्यावरून आणले, पण भिंतीत बसवलेला देव्हारा तिथेच राहिला. त्या तेव्हा लहान होत्या. लग्नानंतरही त्यांच्या घरात देव कोनाड्यातच आहेत.

मंगळवारी सकाळी त्या वाटीत तेल आणि पदराखाली झेंडूचं एक फूल घेऊन आल्या. त्या मोडलेल्या घरच्या माणसांच्या नावाने दिवा लावला, डोळे पुसले आणि शेतावर गेल्या. बुधवारी पुन्हा आल्या... गुरुवारीही. जे घर कधी नव्हतंच, त्याच्यासाठी त्या रडत होत्या आणि मी शेजारी बसून शेठच्या खुर्च्या घासत होतो.

इतकी वर्षं पहाटे अंघोळ करून देवापुढे बसतो. त्या तीन दिवसांत मात्र मला देवाकडे नीट बघता आलं नाही.

शुक्रवारी त्यांनी वाटी खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. हिरडा, ताक, खिळे, साखळी, कुंकू... काही लपवलं नाही. आता या बाईने चार शब्द सुनावावेत, म्हणून खाली मान घालून बसलो.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी कुणाचं बी घर मोडल्यालं न्हाई?"

"न्हाई, वयनी."

"मग लई ग्वाड झालं." त्यांनी खरोखर सुटकेचा श्वास सोडला. जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "हात गुणाचा हाय तुमचा. चार दिस एका म्हातारीला फुकट रडवलंत की."

त्या हसल्या. मला मात्र हसता आलं नाही...

शनिवारी शेठचा माणूस टेम्पो घेऊन आला. मी खुर्च्या, पेट्या चढवल्या आणि देव्हारा मिळणार नाही म्हणून सांगितलं. त्याने आधी समजावलं, मग शेठ पुढचं काम देणार नाहीत म्हणाला. "नका देऊ," मी म्हणालो.

टेम्पो वळणाआड गेल्यावर रंधा हातात घेतला. हिरड्याचा काळा रंग खोल मुरला होता. दोन दिवस लागले. नक्षीतलं कुंकू सुईने कोरून काढलं, भोकं बुजवली, खांब थोडे बारीक झाले. सोमवारी संध्याकाळी सागाचा मूळचा पिवळा रंग पुन्हा वर आला.

पुढच्या कामाचं काय, ते माहीत नाही. खुरप्यांच्या मुठी आहेत, कुणाचं दार आहे, चौकट आहे... बघू.

आज सकाळी तो देव्हारा डोक्यावर घेऊन वहिनींच्या घरी पोचवून आलो. त्यांनी कोनाड्यातले देव एकेक करून आत मांडले. डाव्या खांबावरचा साखळीचा एक घाव काही केल्या निघाला नव्हता. वहिनींनी तो बोटाने चाचपला आणि कुंकवाचा पहिला ठिपका नेमका तिथेच लावला.